श्नाबेलचे ‘हामरक्लाविअर’ : पाठ, उच्चार आणि प्रमाद

फेर्दिनाँ द सोस्यूर याच्या व्याख्यानांचे जे पुस्तक त्याच्या निधनानंतर १९१६ साली त्याच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केले, त्यात भाषाव्यवस्था आणि प्रत्यक्ष भाषण यांतील भेद स्पष्ट करण्यासाठी संगीतातील एक दृष्टांत योजिला आहे. सिंफनी ही तिच्या वादनाहून भिन्न अशी वस्तू होय. वादकांच्या हातून चुका घडल्या तरी त्यामुळे सिंफनीच्या स्वरूपास बाध येत नाही. भाषेचेही तसेच समजावे, असा त्या दृष्टांताचा आशय आहे. पदव्युत्तर वर्गाच्या पहिल्या सत्रात हा दृष्टांत दरवर्षी सांगितला जातो. मीही तो वर्षानुवर्षे सांगत आलो आहे. शिकविण्यास तो सोयीचा आहे. तो खरा आहे किंवा नाही, हे मात्र मी कधी तपासून पाहिले नव्हते. ती वेळ एका जुन्या ध्वनिमुद्रिकेने आणली.

ही मुद्रिका म्हणजे बीथोव्हेनच्या ‘हामरक्लाविअर’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पियानो-सोनाटाचे, त्याच्या १०६ क्रमांकाच्या कृतीचे, आर्टुर श्नाबेल याने १९३५ च्या नोव्हेंबरात लंडन येथे केलेले ध्वनिमुद्रण. गेल्या वर्षी चर्चासत्राच्या एका तासाला सोस्यूरचा दृष्टांत कानांनी पडताळावा एवढ्याच हेतूने मी तिचा पहिला भाग वर्गात ऐकविला. ‘चुका झाल्या तरी कृती शाबूत राहते’ याचे हे उत्तम उदाहरण, अशी प्रस्तावनाही केली. भाग संपल्यावर एका विद्यार्थिनीने विचारले, “सर, इतक्या उघड चुका राहिल्या होत्या, तर ही मुद्रिका विकली कशी? आणि विकली, तर ती आजपर्यंत पुनःपुन्हा का काढतात?” पहिल्या प्रश्नाचे उत्तर तंत्राच्या इतिहासात आहे आणि ते देता येते. दुसऱ्याचे उत्तर सोस्यूरच्या दृष्टांतात नाही, हे उत्तर देऊ लागल्यावर माझ्या ध्यानात आले. प्रस्तुत लेख त्या तासाचे राहिलेले उत्तर आहे.

प्रथम या मुद्रणामागील माणसांविषयी. श्नाबेलचा जन्म १८८२ साली तत्कालीन ऑस्ट्रियन साम्राज्यातील बीलित्स या गावाजवळ झाला. त्याचे शिक्षण व्हिएन्नात थिओडोर लेशेटित्स्की या विख्यात गुरूपाशी झाले. तू पियानोवादक व्हावयाचा नाहीस, तू संगीतज्ञ आहेस, अशा अर्थाचे काही गुरूने शिष्यास सांगितल्याची कथा प्रसिद्ध आहे. पुढे बर्लिन ही त्याची कर्मभूमी झाली. बीथोव्हेनच्या मृत्युशताब्दीच्या वर्षी, १९२७ साली, त्याने तेथे सर्वच्या सर्व बत्तीस सोनाटा जाहीर मैफलींतून वाजविले. त्याची पत्नी तेरेझे बेर ही गायिका होती, आणि तिच्या साथीला बसून शुबर्टची गीते वाजविण्यात त्याची कित्येक वर्षे गेली. ही गोष्ट मी मुद्दाम नोंदवितो. ज्याने गाणाऱ्याच्या श्वासाची वाट पाहिली आहे, त्याच्या बोटांत वाक्याची जाणीव निराळ्या रीतीने मुरते. १९३३ साली हिटलर सत्तेवर आल्यानंतर त्याने जर्मनी सोडली. येथे ज्या मुद्रणाचा विचार करावयाचा आहे, ते निर्वासित झालेल्या माणसाचे आहे. परंतु त्यातील वेगाचा उलगडा या दुर्दैवात शोधू नये. त्याचा वाद्यसंगीताविषयीचा विचार त्यापूर्वीच पक्का झाला होता, हे पुढे दिसेल.

ध्वनिमुद्रणाला श्नाबेलचा दीर्घकाळ विरोध होता. वादन ही एकदाच घडणारी क्रिया होय, तिची पुनरावृत्ती करणे तिच्या प्रकृतीशीच विसंगत आहे, अशी त्याची धारणा होती. १९४५ साली शिकागो विद्यापीठात त्याने आत्मचरित्रपर भाषणे केली, त्यांतही त्याने ही भूमिका सोडलेली दिसत नाही. ज्याने त्याचे मन वळविले तो फ्रेड गाइझबर्ग. हा अमेरिकन गृहस्थ १८७३ साली वॉशिंग्टन येथे जन्मला आणि ग्रामोफोन कंपनीच्या अगदी प्रारंभकाळापासून तिच्या सेवेत होता. आपल्याकडील संगीताच्या अभ्यासकांना हे नाव अपरिचित नसावे. १९०२ साली यंत्रसामग्री घेऊन कलकत्त्यास आलेला आणि गौहरजानचा आवाज तबकडीवर उतरविणारा तो हाच. कलकत्त्यातील त्या कामानंतर तीस वर्षांनी त्याच माणसाने श्नाबेलला लंडनमध्ये मेणाच्या तबकडीपुढे बसविले. योगायोग असा की, श्नाबेल १९५१ च्या ऑगस्टात वारला आणि गाइझबर्ग त्याच वर्षीच्या सप्टेंबरात.

दुसरा माणूस वॉल्टर लेग. तेव्हा तो पंचविशीत होता. ज्या संगीताला बाजारात गिऱ्हाईक कमी, त्याच्या मुद्रिका आधी वर्गणीदार जमवून मग काढाव्यात, ही योजना त्याची. ह्यूगो व्होल्फच्या गीतांसाठी ती यशस्वी झाल्यावर बीथोव्हेनच्या सोनाटांसाठी तशीच एक ‘सोसायटी’ स्थापन झाली. ‘हिज मास्टर्स व्हॉइस’च्या छापाखाली बत्तीस सोनाटांचे पहिले संपूर्ण ध्वनिमुद्रण जगाला मिळाले ते अशा रीतीने. अॅबी रोडवरील मुद्रणालय १९३१ च्या नोव्हेंबरात उघडले, आणि १९३२ च्या जानेवारीत श्नाबेल तेथे बेखश्टाइन बनावटीच्या पियानोपुढे बसला. काम चालले १९३५ अखेरपर्यंत. सर्वांत दुर्घट असा १०६ क्रमांकाचा सोनाटा शेवटी आला.

आता तंत्राची बाजू. त्या काळी वादन मेणाच्या जाड तबकडीवर कोरले जाई. एका बाजूवर चार-साडेचार मिनिटांहून अधिक संगीत मावत नसे. मध्ये एखादा स्वर चुकला, तर तेवढाच स्वर पुन्हा वाजवून जोडण्याची सोय नव्हती. संपूर्ण बाजू पुन्हा वाजवावी लागे. शिवाय, मेणावर उमटलेले वादन लगेच ऐकून पाहावे म्हटले, तर सुईखाली मेण झिजून ती तबकडी निकामी होई. म्हणजे ऐकावयाचे की ठेवावयाचे, यांपैकी एकच साधे. ‘हामरक्लाविअर’ला सुमारे बेचाळीस मिनिटे लागतात असे धरले, तरी त्याचे किमान दहा तुकडे पडतात. प्रत्येक तुकडा स्वतंत्र वाजवावयाचा, मधल्या विरामानंतर तोच वेग, तोच आवेश पुन्हा पकडावयाचा. विद्यार्थिनीच्या पहिल्या प्रश्नाचे हे उत्तर झाले. एका बाजूची चूक सुधारावयास जावे, तर दुसऱ्या ठिकाणी नवी चूक घडे, आणि वादकाची शक्ती मर्यादित असते.

येथे जाता जाता एक भेद सांगितला पाहिजे. आपल्याकडील गायकांनाही तीन-चार मिनिटांचीच मर्यादा होती. पण त्यांनी त्या मर्यादेत बसेल असा विस्तार मनाशी योजून गायिले. त्यामुळे आपल्या संगीतातील जुनी तबकडी ही पुष्कळदा स्वतःच एक छोटी, पुरी रचना असते. सोनाटाच्या बाबतीत असे स्वातंत्र्य नव्हते. तेथे पाठ आधीच निश्चित, लिहिलेला. तबकडी आली ती केवळ कात्री घेऊन. म्हणून मूळ पाठ आणि त्याचा उच्चार यांतील ताण या मुद्रिकांत जितका उघडा पडतो, तितका आपल्या तबकड्यांत पडत नाही.

पाठ निश्चित होता असे मी म्हटले. हेही पुरते खरे नाही. बीथोव्हेनने हा सोनाटा १८१७ व १८१८ या दोन वर्षांत रचला, १८१९ साली व्हिएन्नात तो छापला गेला. त्याची स्वहस्तलिखित प्रत आज उपलब्ध नाही. लंडनमधील प्रकाशनाची व्यवस्था त्याचा शिष्य फर्डिनांट रीस पाहत होता. त्याला बीथोव्हेनने पत्राने कळविले की, तिसऱ्या भागाच्या प्रारंभी आणखी दोन स्वर घालावेत. सारी रचना पुरी झाल्यावर, त्या प्रदीर्घ भागाच्या तोंडाशी दोन स्वरांचा एक बार नव्याने बसला! ज्यांनी तो भाग ऐकला आहे, त्यांना त्या दोन चढत्या स्वरांवाचून त्याची कल्पनाही करवणार नाही. त्याच पत्रव्यवहारात त्याने चारही भागांचे वेग मेट्रोनोमच्या, म्हणजे लय मोजण्याच्या यंत्राच्या, आकड्यांत कळविले. हे यंत्र तेव्हा नवीन होते, आणि बत्तीस सोनाटांपैकी या एकालाच त्याने असे आकडे दिले आहेत. पहिल्या भागासाठी आकडा आहे मिनिटाला १३८ ठोके. प्रत्येक बारात असे दोन ठोके.

हा आकडा गेली दोन शतके वादाचा विषय झाला आहे. या वेगाने तो भाग वाजविणे मानवी हातांना जवळजवळ अशक्य आहे, असे बहुतेक वादकांचे मत पडते. यंत्रच बिघडलेले असावे, येथपर्यंत तर्क गेले. मला एक साधा तर्क सुचतो. तो भाषाभ्यासकाचा तर्क म्हणून घ्यावा. १८१८ च्या सुमारास बीथोव्हेनचे बहिरेपण इतके वाढले होते की, भेटीस येणाऱ्यांना त्याच्याशी वहीत लिहून संभाषण करावे लागे. म्हणजे हा आकडा प्रत्यक्ष ऐकलेल्या वादनाचा नसून मनातल्या मनात वाचलेल्या संगीताचा आहे. मूक वाचन हे प्रकट वाचनाहून नेहमीच वेगाने होते, हे आपण जाणतो. मनाला जीभ वळवावी लागत नाही, तसे बीथोव्हेनच्या मनाला बोटे हलवावी लागत नव्हती.

असे असेल, तर १३८ हा आकडा उच्चाराचा नियम राहत नाही. तो अर्थाचा निर्देश ठरतो. ‘येथवर एका श्वासात वाचा’ एवढेच तो सांगतो. श्नाबेलने तो तसाच घेतला, असे त्याचे वादन ऐकून मला वाटते.

पहिल्या भागाचा आरंभ तारस्वरांतील एका गर्जनेने होतो. डावा हात खालच्या एका स्वरावरून झेप घेऊन वरच्या स्वरसंघातावर पडतो. ही झेप धोक्याची आहे. ही कृती आर्चड्यूक रुडोल्फ या राजपुत्राला अर्पण केलेली आहे, आणि याच गर्जनेशी जुळणाऱ्या स्वरांवर ‘रुडोल्फचा जय असो’ या अर्थाचे लॅटिन शब्द बसविलेली बीथोव्हेनची टिपणे आढळली आहेत. म्हणजे या आरंभाच्या मुळाशी एक जयघोष आहे. जयघोष कोणी अक्षरे सुटी करून म्हणत नाही. पुष्कळ मोठे वादक येथे प्रत्येक स्वरसंघात घडीव दगडासारखा बसवितात. भव्यता येते, पण घोष राहत नाही. श्नाबेल तो एका आवाजात फेकतो आणि क्षणभर थांबतो. मग जे मृदू उत्तर येते, ते त्या शांततेतून आल्यासारखे वाटते. दोन वाक्ये, एक प्रश्नोत्तर. ही रचना या वेगामुळे कानाला कळते.

याची किंमत त्याला लगेच मोजावी लागते. धावत्या स्वरमालिकांत मधले स्वर गळतात. शेजारची पट्टी दाबली जाते. मध्यंतरी विषयाचा पाठलाग एका आवाजामागून दुसरा आवाज करू लागतो, तेथे गर्दी होऊन आवाज एकमेकांवर चढतात. वाक्याच्या शेवटाकडे तर तो घाई करतो. ठोके जणू गिळले जातात. ही घाई श्नाबेलच्या इतर मुद्रणांतही आढळते आणि ती गुण आहे असे मी म्हणणार नाही. पण गळालेल्या स्वरांकडे मात्र बारकाईने पाहण्यासारखे आहे.

बोलताना जीभ घसरते तेव्हा काय होते, याचा अभ्यास व्हिक्टोरिया फ्रॉम्किन या विदुषीने १९७१ सालच्या आपल्या प्रसिद्ध निबंधात केला. तिचा निष्कर्ष आपल्या विभागात सर्वांस परिचित आहे. जीभ घसरली तरी ती भाषेच्या नियमाबाहेर घसरत नाही. वर्णांची अदलाबदल होते, पण त्या भाषेत शक्य नसलेला वर्णसंयोग सहसा तयार होत नाही. बोलणारा एका नामाच्या जागी दुसरे नाम घालतो, क्रियापद घालीत नाही. म्हणून प्रमाद हा व्यवस्थेचा भंग नसून व्यवस्थेचा पुरावा होय. श्नाबेलचे प्रमाद मी या दृष्टीने टिपून पाहिले. जे स्वर सुटतात, ते बहुतांशी भरणीचे स्वर आहेत. खर्जातील चाल, जिच्यावर एकूण स्वरमेळाची वाट ठरते, ती शाबूत राहते. वाक्याचा जेथे भार पडावयाचा, तो स्वर पडतोच. एखाद्या वेळी सोबत नको असलेला शेजारी घेऊन पडतो, पण पडतो. याचा अर्थ असा की, त्या क्षणी वादकाचे लक्ष कोणत्या घटकावर होते, हे त्याच्या चुकांवरून वाचता येते. त्याचा घटक अक्षर नव्हे, वाक्य होय.

हे केवळ माझे अनुमान नाही. श्नाबेलने १९२० नंतरच्या दशकात बर्लिनच्या उलश्टाइन प्रकाशनसंस्थेसाठी बत्तीसही सोनाटांची संपादित आवृत्ती सिद्ध केली होती. ती वाचनीय आहे, आणि पाठचिकित्सेच्या विद्यार्थ्यांनी ती एकदा तरी हाताळावी अशी माझी शिफारस आहे. तीत स्वरांच्या ओळींवर जागोजागी रोमन आकडे घातलेले दिसतात. हे आकडे बोटांचे नव्हेत. किती बार मिळून एक वाक्य होते, चारांचे की पाचांचे की तिनांचे, याची ती मोजदाद आहे. डोळ्यांना चार-चारांच्या सरळ ओळी दिसतात, तेथे त्याला असमान लांबीची वाक्ये ऐकू येतात आणि तो ती वाचकासाठी मांडून ठेवतो. विरामचिन्हे नसलेल्या जुन्या पोथीचे पदच्छेद करणाऱ्या संपादकाचेच हे काम. बोटे कोणती घालावीत याविषयीच्या त्याच्या सूचनाही हाताच्या सोयीसाठी दिलेल्या नाहीत. वाक्य कोठे तुटावे आणि कोठे तुटू नये यासाठी त्या आहेत, आणि म्हणून त्या बऱ्याचदा गैरसोयीच्या आहेत.

येथे कोणी म्हणेल की, वाक्य सांभाळावे आणि अक्षरेही सांभाळावीत. दोन्ही का नकोत? एमिल गिलेल्स याने १९८२ साली केलेल्या मुद्रणात पहिल्या भागाला बारा मिनिटांच्या आसपास लागतात. श्नाबेलला नऊच्या आसपास. गिलेल्सचा एकही स्वर अस्पष्ट नाही, आणि आवाजाचा भरदारपणा असा की ऐकणारा नतमस्तक होतो. मी ती मुद्रिका श्नाबेलच्या मुद्रिकेइतकीच जवळ बाळगतो. तथापि, ती ऐकताना आरंभीचा जयघोष मला शिलालेखासारखा वाटतो. तो वाचता येतो. कोणी तो ओरडला होता हे जाणवत नाही. दोहोंपैकी एक खरे आणि दुसरे खोटे असा हा प्रकार नाही. पण एकाच लेखी पाठातून इतके भिन्न अर्थ निघत असतील, तर ‘कृती वादनाहून वेगळी, वादनाने तिला बाध येत नाही’ या विधानात कृती म्हणून नेमके काय उरते, हा प्रश्न शिल्लक राहतोच. स्वर तेच, क्रम तोच. बदलला तो वेग. आणि वेगाबरोबर वाक्यरचना बदलली. भाषेत वाक्यरचना बदलली तर आपण ते ‘उच्चाराचे’ अंग म्हणून सोडून देत नाही.

श्नाबेलची ख्याती ‘पाठनिष्ठ’ वादक अशी आहे. बीथोव्हेनने जे लिहिले ते वाजविणारा, स्वतःचे काही न घालणारा, असे त्याचे वर्णन केले जाते. त्याच्या चाहत्यांकडून चुकांची क्षमा मागितली जाते तीही याच आधारावर : स्वर सुटले असतील, पण निष्ठा पाहा, १३८ हा आकडा पाळण्याचा प्रयत्न पाहा. मला ही वकिली मान्य नाही. ती चुकीच्या कारणासाठी केलेली आहे, आणि हे दाखविण्यासाठी त्याच मुद्रणाचा तिसरा भाग पुरेसा आहे.

त्या मंदगती भागासाठीही बीथोव्हेनने आकडा दिला आहे : मिनिटाला ९२ ठोके, बारात सहा ठोके. बारांची संख्या १८७. हिशेब केला तर हा भाग सुमारे बारा मिनिटांत संपावयास हवा. श्नाबेलला लागतात अठरा मिनिटांच्या आसपास. म्हणजे ज्या पत्रातील एक आकडा पाळण्यासाठी त्याने स्वरांचा बळी दिला, त्याच पत्रातील दुसरा आकडा त्याने खुशाल बाजूला ठेवला. यास पाठनिष्ठा म्हणता येणार नाही. शिवाय, आपल्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत त्याने स्पष्टच सांगितले आहे की, स्वरांना बांधणाऱ्या कमानी आणि आघाताच्या खुणा बीथोव्हेनने काही ठिकाणी निष्काळजीपणे घातल्या असल्यामुळे त्या आपण प्रसंगी बदलल्या आहेत. एवढे सांगणारा संपादक अक्षरपूजक नसतो.

मग तो कोण? वाचक. पहिल्या भागात त्याला लहान वाक्ये दिसली, जी वेगाशिवाय सुटी पडतात. तिसऱ्या भागात इतके लांब वाक्य दिसले की, ते घाईने म्हटले असता त्यातील पोटवाक्ये ऐकूच येणार नाहीत. दोन्ही ठिकाणी निर्णय एकाच तत्त्वावर झाला आहे, आणि ते तत्त्व आकड्यांच्या पलीकडे आहे. तिसरा भाग ऐकताना आठवण ठेवावी की, मूळ तबकड्यांवर याचे चार-पाच तुकडे पडलेले होते. एवढ्या विलंबित लयीत तबकडी बदलेपर्यंतच्या विरामानंतर तोच श्वास पुन्हा धरणे, हे पहिल्या भागातील वेगाहूनही अवघड असले पाहिजे. येथे स्वर फारसे चुकत नाहीत. त्यामुळे या पराक्रमाची चर्चाही फारशी होत नाही. चुका मोजणाऱ्यांचे लक्ष नेहमी चुका असतील तेथेच जाते.

स्वर मोजण्याची ही दृष्टी काही यंत्राने आणलेली नाही. फ्रांत्स लिस्टने १८३६ साली पॅरिसमध्ये हा सोनाटा वाजविला, तेव्हा बेर्लिओझने त्यावर लिहिताना आपण स्वरलेख पुढे ठेवून ऐकले आणि लिस्टने एकही स्वर गाळला नाही की घातला नाही, अशी ग्वाही दिली होती. तेव्हा ती ग्वाही आवश्यक होती, कारण त्या काळचे वादक मूळ पाठात मनसोक्त भर घालीत. आणि त्या दिवशी जे वाजले ते पुन्हा ऐकून पडताळण्याची सोय कोणासही नव्हती. पुढे चुंबकीय फीत आली, ती कापून जोडता येऊ लागली, आणि निर्दोष वादन ही कातरकामाची बाब झाली. तेव्हापासून बेर्लिओझची कसोटी जवळजवळ निरर्थक झाली आहे, तरी ती वापरण्याची सवय सुटलेली नाही.

श्नाबेलच्या नावावर एक उद्गार सांगितला जातो. मुद्रणाच्या वेळी एखादी बाजू चुकांसाठी पुन्हा वाजवावी असे सुचविले असता तो म्हणाला म्हणे की, पुन्हा वाजविले तर अधिक बरोबर होईल, पण इतके चांगले होणार नाही. आख्यायिका असेल. मात्र तिच्यातला भेद आमच्या कामात मला रोज भेटतो. बोलीच्या क्षेत्रीय अभ्यासातून विद्यार्थी जी ध्वनिमुद्रणे आणतात, त्यांचे लेखी उतारे मी तपासतो. मुद्रणात म्हातारी बाई अडखळते, एक शब्द अर्धा सोडून दुसरा उचलते, वाक्य मध्येच वळविते. उताऱ्यात यांतले काही नसते. विद्यार्थ्याने तिच्या वतीने सारे ‘बरोबर’ करून ठेवलेले असते, आणि तेही आदराने. त्याने जे गाळले, त्यातच ती वाक्य कसे जुळविते हे दिसणार होते. असा स्वच्छ केलेला उतारा मी परत पाठवितो. सोस्यूरचा दृष्टांत वर्षानुवर्षे सांगून हा स्वच्छतेचा संस्कार मीच त्यांना दिला असेल, अशी शंका आता मला येते.

या संदर्भात एक विलक्षण गोष्ट नमूद केली पाहिजे. स्वतः श्नाबेल विचाराने सोस्यूरच्या पक्षाचा होता. जे संगीत त्याच्या कोणत्याही वादनाहून श्रेष्ठ आहे, त्याचेच मला आकर्षण वाटते, असे त्याने शिकागोच्या भाषणांत सांगितले आहे. म्हणजे कृती वर, वादन खाली. दोहोंतील अंतर कधीच भरावयाचे नाही. तरीही त्याने जे मागे ठेवले, त्याने त्याच्या या मताला छेद दिला. आज ‘हामरक्लाविअर’ म्हटले की, जाणकारांच्या मनात जे उभे राहते, त्यात छापील स्वरलेखाबरोबर या मुद्रणाचाही वाटा असतो. नंतरच्या वादकांनी १३८ हा आकडा पाळला वा नाकारला, तरी त्यांना श्नाबेलला उत्तर द्यावेच लागले. ज्या उच्चाराला पुढची पिढी उत्तर देते, तो पाठाच्या बाहेर राहत नाही.

या तबकड्या पुढे अनेक कंपन्यांनी नव्या माध्यमांवर उतरविल्या. तेथेही कोणी तरी बसून निर्णय घेतलेच आहेत : सुईची खरखर किती ठेवावी, बाजू संपते तेथला सांधा कसा जोडावा. नॅक्सॉससाठी मार्क ओबर्ट-थॉर्न याने केलेल्या प्रतीत खरखर बरीच राहू दिलेली आहे. ज्यांना ती सहन होत नाही, त्यांनी अधिक गाळलेल्या प्रती ऐकाव्यात. पण खरखरीबरोबर पियानोच्या वरच्या स्वरांची धारही जाते, हे ध्यानी घ्यावे.

शेवटच्या भागाविषयी थोडे. तिसरा भाग संपल्यावर एक छोटा, वाट शोधणारा प्रवेश येतो. येथे बारांच्या रेघा जवळजवळ नाहीशा होतात. वादक एक सुरावट धरतो, सोडून देतो, दुसरी धरतो, तीही सोडतो. लिहिलेल्या संगीतात अडखळणे लिहून ठेवलेले आहे! श्नाबेल हा प्रवेश स्वतःशी पुटपुटल्यासारखा वाजवितो, आणि माझ्या मते संपूर्ण मुद्रणात यासारखे दुसरे काही नाही. नंतर प्रचंड फ्यूग सुरू होतो, ज्यात तीन आवाज एकमेकांचा पाठलाग करतात. वेगाचा आकडा १४४. पुन्हा गर्दी, पुन्हा गळालेले स्वर. दोन-तीन ठिकाणी तर कोणता आवाज पुढे आहे हे स्वरलेख हाती असूनही मला कळत नाही, आणि ते श्नाबेललाही त्या क्षणी कळत असावे असे वाटत नाही. मग अचानक सारे थांबते. विरामानंतर सावकाश, साध्या स्वरांत, एक नवा विषय हलक्या आवाजात येतो. त्या ओळी एखादा पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही चुकवणार नाही. श्नाबेल त्या काहीही न करता वाजवितो. वेग ओसरलेला, आवाज जमिनीलगत. पुढे जुना विषय पुन्हा आत शिरतो, दोन्ही एकत्र चालू लागतात, आणि थोड्याच वेळात बोटे पुन्हा चुकू लागतात.